रंग खेळणारी दोन मुलं
मंडळी, जानेफळहून सिंदखेडराजाला सहल गेली की मुलं लखुजी जाधवरावांच्या वाड्यात नुसती पळत सुटतात. आपण त्यांना ओढून जिजाऊंच्या जन्मस्थळापुढे उभं करतो, १५९८ साल सांगतो. पण जाधवरावांच्या घरची सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट खेळाचीच ना! रंगपंचमीला लहानग्या जिजाऊ आणि शहाजी एकमेकांवर रंग उडवतात, लखुजी थट्टेत जोडा जुळवतात, मालोजी तो शब्द पक्का धरतात अन् वाद पेटतो. ही बखरींतली कथा; इतिहासकार ती जशीच्या तशी मानत नाहीत. आम्हाला खटकतं ते वेगळंच. थोरांचं बोलणं बखरकारांनी टिपलं. रंगात भिजलेली ती मुलं पुढं खेळली की त्यांना घरात नेलं, हे लिहायचं कुणाला सुचलं नाही.