पन्नाशीतली पहिली समुद्रसफर, तीही एकट्याने!

'एकट्याच निघालात?' पन्नाशीच्या आसपास स्वत:पुरती सहल ठरवणाऱ्या व्यक्तीला, विशेषत: स्त्रीला, हा प्रश्न बॅग भरण्याआधीच ऐकावा लागतो. मुले शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने दूर गेलेली असतात. जोडीदाराला रजा नसते, आवड नसते किंवा जोडीदार हयातच नसतो. काहींनी लग्नच केलेले नसते. अशा टप्प्यावर एकट्याने प्रवास करू पाहणाऱ्यांना समुद्रपर्यटन, म्हणजेच क्रूझ, सोयीची वाटते. सामान एकदाच लावायचे, रोज नवे हॉटेल शोधायचे नाही, जेवणाची चिंता नाही आणि अपरात्री अनोळखी गावात टॅक्सीसाठी ताटकळणे नाही.

हे सारे खरे आहे. मात्र क्रूझचा बहुतेक व्यवहार दोन माणसांचा हिशेब धरून आखलेला असतो. खोलीचे भाडे असो, औषधाची आठवण असो की बंदरावरून वेळेत परतणे असो, जोडीदार जे न सांगता करतो ते एकट्या प्रवाशाला आधी ठरवून स्वत:च करावे लागते. ही पूर्वतयारी झाली, तर पहिली सफर निर्धास्तपणे अनुभवता येते.

समुद्राशी जुने नाते

समुद्र ओलांडण्याला धर्मबाह्य मानणाऱ्या काळात, ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कोलकात्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. पती गोपाळराव बरोबर नव्हते. ओळखीच्या मिशनरी स्त्रियांची सोबत होती. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या.

पुढे विसाव्या शतकात मुंबईच्या चाकरमान्यांनी कोकणच्या बोटी जवळून पाहिल्या. बोट किनाऱ्यापासून दूर नांगरायची आणि प्रवासी हेलकावणाऱ्या पडावात उतरून धक्का गाठायचे. त्याच आठवणींत १७ जुलै १९४७ ची 'रामदास' बोटीची दुर्घटनाही आहे. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ही बोट भर पावसाळ्यात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. आज साठीकडे झुकलेल्या पिढीच्या घरांत समुद्राची धास्ती असते, तिचे एक मूळ तिथे आहे. या धास्तीची टिंगल करण्यापेक्षा तिला माहितीची जोड द्यावी, हे बरे.

कोणती सफर निवडावी?

पहिली सफर दोन ते पाच रात्रींची असावी. आपल्याला बोट लागते का, एकट्याने जेवणे झेपते का, गर्दीत झोप येते का, हे तेवढ्यात कळते.

मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचा इतिहास सलग नाही. २००५ मध्ये 'सुपरस्टार लिब्रा' मुंबईत आली. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली. २०१९ मध्ये आलेल्या 'कर्णिका'चा प्रवास २०२० च्या कोविडकाळात संपला. सप्टेंबर २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया'च्या 'एम्प्रेस' या जहाजाच्या सफरी मुंबईहून सुरू झाल्या. गोवा, कोची आणि लक्षद्वीप ही त्यातली प्रमुख ठिकाणे. हे जहाज १९९० मध्ये बांधलेले आहे. या व्यवसायात कंपन्या, जहाजे आणि मार्ग बदलत राहतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्या हंगामाचे वेळापत्रक आणि रद्द झाल्यास परताव्याच्या अटी लेखी स्वरूपात वाचाव्यात. हवामानामुळे एखादे बंदर वगळण्याचा अधिकार कंपन्या करारातच राखून ठेवतात, हेही लक्षात असू द्यावे.

अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो. पहिल्या अनुभवासाठी नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम.

भाड्यातला 'दुसरा माणूस'

जाहिरातीतला दर बहुधा 'प्रतिव्यक्ती, दोघांनी एक खोली घेतल्यास' असा असतो. एकट्याने खोली घेतली की त्यावर 'सिंगल सप्लिमेंट' लागते. ते साधारणपणे मूळ दराच्या निम्म्यापासून तेवढ्याच रकमेपर्यंत असते. समजा, प्रतिव्यक्ती दर ४० हजार रुपये आहे. तर एकट्याला ६० ते ८० हजार मोजावे लागू शकतात. म्हणजे गैरहजर माणसाचेही भाडे भरायचे! याखेरीज बंदर शुल्क, कर, सेवकांसाठीची दैनंदिन बक्षिशी, किनाऱ्यावरच्या सहली, मद्य आणि इंटरनेट यांचा खर्च वेगळा असू शकतो. 'सर्व मिळून एका व्यक्तीचे किती?' असे विचारून आकडा लेखी घ्यावा.

काही जहाजांवर एकट्यांसाठी स्वतंत्र खोल्या असतात. २०१० मध्ये आलेल्या 'नॉर्वेजियन एपिक' या जहाजावर अशा १२८ छोट्या खोल्या आणि त्या प्रवाशांसाठी वेगळे बैठकीचे दालन होते. त्यानंतर इतर कंपन्यांनीही हा मार्ग धरला. मात्र अशा खोल्या मोजक्या असतात आणि लवकर भरतात. गर्दीचा हंगाम टाळल्यास सप्लिमेंटमध्ये सवलतही मिळते. ती मागावी लागते. परदेशी सहलीच्या रकमेवर गोळा केला जाणारा कर (टीसीएस) प्राप्तिकर विवरणपत्रात जमा धरता येतो, त्याची पावती जपून ठेवावी.

खोली निवडताना जहाजाचा मध्यभाग आणि खालचे मजले पसंत करावेत. तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. पुढच्या टोकाच्या आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्या महाग असल्या तरी डोलतात अधिक. बिनखिडकीची खोली स्वस्त. पण बंद जागेची भीती असणाऱ्याने ती टाळावी.

कागदपत्रे

देशांतर्गत सफरीसाठी छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र लागते. लक्षद्वीपला उतरण्यासाठी प्रवेश परवाना आवश्यक आहे. तो कंपनी काढते की आपण, हे आधीच विचारावे. परदेशी सफरीसाठी पारपत्राची मुदत परतीच्या तारखेपुढे किमान सहा महिने असावी. बहुतेकांची चूक होते ती व्हिसाबाबत. ज्या देशातून जहाज निघते तिथेच ते परतणार असेल, तर त्या देशात दुसऱ्यांदा प्रवेश होतो. त्यामुळे व्हिसा लागत असल्यास तो अनेक प्रवेशांचा असावा लागतो. जहाजावर चढू न दिल्यास भाडे सहसा परत मिळत नाही.

जहाजाचे नाव, खोली क्रमांक, बंदरांच्या तारखा, विमा पॉलिसीचा क्रमांक आणि पारपत्राची प्रत घरच्या एका जबाबदार माणसाकडे ठेवावी. 'प्रत्येक बंदरातून एक फोन' असा नियम ठरवून घ्यावा. भर समुद्रात फोन न लागणे स्वाभाविक आहे, हे घरच्यांना सांगून ठेवल्यास उगीच घबराट होत नाही. फोन 'एअरप्लेन मोड'वर ठेवावा. अन्यथा जहाजावरच्या उपग्रह रोमिंगचे बिल डोळे पांढरे करते.

प्रकृतीचा हिशेब

या वयात रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांपैकी काही ना काही सोबतीला असतेच. मोठ्या जहाजावर डॉक्टर आणि छोटा दवाखाना असतो. तातडीचे प्राथमिक उपचार तेथे होतात. शस्त्रक्रियेची किंवा डायलिसिसची सोय सर्वसाधारणपणे नसते. उपचारांचे पैसे वेगळे पडतात. गंभीर रुग्णाला किनाऱ्यावर हलवणे अत्यंत खर्चिक असते, म्हणून 'मेडिकल इव्हॅक्युएशन' समाविष्ट असलेला प्रवास विमा घ्यावा. विमा काढताना जुने आजार लपवू नयेत. पुढे दावा नाकारला जाण्याचे ते मुख्य कारण ठरते.

बंदरावर मोठी बॅग ताब्यात घेतली जाते आणि कित्येकदा संध्याकाळीच खोलीत पोहोचते. त्यामुळे औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा आणि कागदपत्रे हातातल्या पिशवीत हवीत. औषधे सफरीच्या दिवसांपेक्षा चार-पाच दिवस अधिक पुरतील इतकी घ्यावीत.

बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते. यातील बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटची वाढ असलेल्यांना त्या त्रासदायक ठरू शकतात, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारूनच निवड करावी. मळमळू लागल्यास खोलीत पडून न राहता उघड्या डेकवर यावे आणि क्षितिजाकडे पाहावे. जहाजावर झपाट्याने पसरणाऱ्या नोरोव्हायरसच्या पोटदुखीला हात साबण-पाण्याने धुणे हा प्रभावी उपाय आहे. नुसते सॅनिटायझर पुरेसे पडत नाही.

सराव टाळू नका

जहाजावर पाऊल ठेवताच लोक थेट भोजनगृहाकडे धावतात. एकट्या प्रवाशाने आधी आपली संकटकालीन जमण्याची जागा, म्हणजे 'मस्टर स्टेशन', पाहून घ्यावी. तिचा क्रमांक खोलीच्या दारामागे किंवा आपल्या कार्डावर असतो. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा हा धोक्याचा आंतरराष्ट्रीय इशारा होय. तो ऐकताच लिफ्ट टाळून जिन्याने त्या जागी पोहोचायचे असते.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीतील जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळले. ३२ जणांचा बळी गेला. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव व्हायचाच होता. तत्कालीन नियमानुसार तो चोवीस तासांत घेतला तरी चालत असे. या दुर्घटनेनंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून हा सराव जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक झाले. कुटुंबात एकाने ऐकले तरी इतरांचे निभावते. एकट्याला ते स्वत:च ऐकावे लागते.

खोलीत शिरल्यावर दाराची कडी आणि बाहेर पाहण्याचे छिद्र तपासावे. अमेरिकी बंदरांना जाणाऱ्या जहाजांवर असे छिद्र आणि किमान ४२ इंच उंचीचे कठडे २०१० च्या कायद्याने सक्तीचे केले आहेत. इतरत्र प्रवाशानेच पाहून घेतलेले बरे. खोली क्रमांक मोठ्याने सांगू नये. नव्या ओळखीच्या माणसाला भेटायचे ते सार्वजनिक दालनात. कर्मचाऱ्यांनी सलगी केल्यास किंवा कुणीही त्रास दिल्यास जहाजावरील सुरक्षा विभागाकडे लगेच तक्रार द्यावी आणि तिची लेखी नोंद मागून घ्यावी. खोली आवरणाऱ्या सेवकाला पहिल्याच दिवशी 'मी एकटीच आहे. सकाळी दार उघडले नाही, तर चौकशी करा' असे सांगण्यात संकोच कसला?

बंदरावर घड्याळाकडे लक्ष

जहाज सुटण्याच्या वेळेपूर्वी परतण्याची वेळ जाहीर होते. ती जहाजाच्या घड्याळानुसार असते. मोबाइल स्थानिक वेळ दाखवतो आणि दोहोंत तासाचा फरक असू शकतो. कंपनीने आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाल्यास जहाज सहसा थांबते. स्वतंत्रपणे भटकणाऱ्यासाठी थांबत नाही. पुढचे बंदर गाठण्याचा खर्च ज्याचा त्याला करावा लागतो. स्थानिक बंदर प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक दैनंदिन पत्रकात छापलेला असतो, त्याचे छायाचित्र काढून ठेवावे.

लक्षद्वीपसारख्या ठिकाणी जहाज खोल पाण्यात थांबते आणि लहान बोटीने किनाऱ्यावर नेले जाते. कोकणच्या पडावाचीच ही नवी आवृत्ती! गुडघे दुखत असतील तर पाण्याची स्थिती पाहून उतरायचे की नाही, ते ठरवावे. न उतरणे म्हणजे सहल वाया जाणे नव्हे. रिकाम्या डेकवरची ती दुपार बहुधा अख्ख्या सफरीतील सर्वांत निवांत असते.

जेवणाचे टेबल

सगळ्यात अवघड प्रसंग पहिल्या रात्रीच्या जेवणाचा असतो. भारतीय सफरींत कुटुंबे आणि मित्रमंडळींचे गट अधिक. मोठ्याने गाणी, शेजारच्या टेबलावर वाढदिवसाचा केक, आणि आपण एकटे ताटाकडे पाहत बसलेले. अशा वेळी खोलीत जेवण मागवण्याचा मोह होतो. तो पहिल्या रात्री तरी आवरावा. भोजनगृहाच्या व्यवस्थापकाला 'इतरांबरोबर बसायला आवडेल' असे सांगितले की तो सहसा जागा करून देतो. मोठ्या विदेशी जहाजांवर एकट्या प्रवाशांचे एकत्र भेटणे पहिल्या एक-दोन दिवसांच्या कार्यक्रमपत्रिकेत असते. शाकाहारी किंवा जैन जेवण हवे असल्यास आरक्षणाच्या वेळीच कळवावे.

टेबलावर 'एकट्याच आलात?' हा प्रश्न पुन्हा येईल. त्यात दरवेळी कीव नसते. पुष्कळदा विचारणाऱ्याच्या मनात आपणही असे निघावे का, हा विचार असतो. 'हो, एकटीच' एवढे उत्तर पुरते. पुढचे संभाषण आपोआप सुरू होते, आणि ते नको असेल तर पुस्तक जवळ असतेच.

शेवटच्या रात्री मोठी बॅग खोलीबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे, औषधे आणि पारपत्र तीत बंद होऊ देऊ नये. खर्चाचे बिल त्याच रात्री तपासावे; धक्क्यावर उतरल्यावर चूक दुरुस्त करून घेणे कठीण जाते. एवढे उरकले की पहाटे डेकवर यावे. मुंबईचे दिवे दिसू लागतात तेव्हा बाकीचे प्रवासी अजून झोपलेले असतात.