वखार, तलवार आणि नांगर

कोणतीहि संस्था जन्मास येते तेव्हां तिच्यापुढें एक हेतु असतो. काळ पालटतो, कामें वाढतात, माणसें बदलतात, आणि मग एके दिवशीं असें दिसून येतें कीं, कारभार तर मोठ्या जोरांत चालला आहे, पण तो कशासाठीं चालला आहे हें सांगणारा कोणी उरलेला नाहीं. अशा वेळीं मूळ हेतूकडे परत वळावें, असें शहाणे लोक सांगतात. परंतु मूळ हेतु कोणता, हें ठरवावें कशावरून? या प्रश्नाचा विचार करतांना नंदुरबारचा इतिहास फार उपयोगी पडतो. कारण ईस्ट इंडिया कंपनी ही सावकार म्हणून, शिपाई म्हणून आणि पालनकर्ती म्हणून, अशा तीन वेषांत या एकाच प्रदेशानें पाहिली.

३१ डिसेंबर १६०० रोजीं इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीनें या कंपनीला सनद दिली ती व्यापाराची. सतराव्या शतकांत सुरतेहून बुऱ्हाणपुरास जाणारा हमरस्ता नंदुरबारवरून जात असे. द्राक्षें आणि खरबुजें यांसाठीं या गांवाची ख्याति होती. १६१० च्या सुमारास या वाटेनें गेलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्यानें येथील कबरी, किल्ला आणि सुंदर तलाव यांची नोंद करून ठेविली आहे. पुढें १६१५ च्या नोव्हेंबरांत याच वाटेनें राजा जेम्सचा वकील सर टॉमस रो हा बुऱ्हाणपुराकडे व तेथून जहांगीर बादशहाच्या दरबारीं अजमेरास गेला.

या रोनें कंपनीच्या चालकांस जो सल्ला दिला, तो पुढील दोनशें वर्षांच्या इतिहासाकडे पाहतां मोठा मार्मिक वाटतो. किल्ले बांधण्यांत आणि फौजा पोसण्यांत पोर्तुगीजांचा नफा बुडाला. तेव्हां इंग्रजांनीं जमिनीवर लढाईच्या भानगडींत पडूं नये, लाभ शोधावा तो समुद्रावर आणि शांततेच्या व्यापारांत, असा त्या सल्ल्याचा मथितार्थ होता. कंपनीचा मूळ हेतु याहून स्वच्छ शब्दांत क्वचितच कोणी मांडला असेल.

या हेतूला धरूनच कंपनीनें १६६६ मध्यें नंदुरबारास वखार घातली. अशा वखारीचें काम म्हटलें म्हणजे दलालामार्फत विणकरांना आगाऊ रकमा द्याव्या, कापड तपासून घ्यावें, गांठी बांधून सुरतेच्या बंदरावर रवाना कराव्या आणि जमाखर्च वरिष्ठांकडे धाडावा. वखारवाल्याची लायकी ठरे ती स्वस्त व चांगल्या मालावरून. देशाच्या राज्यकारभाराशीं त्याला कर्तव्य नव्हतें.

शंभर वर्षांत हें चित्र पार पालटलें. १७५७ सालीं प्लासीची लढाई झाली, १७६५ मध्यें बंगालची दिवाणी हातीं आली, आणि तागडी धरणारा हात सारा वसूल करूं लागला. १८१३ च्या कायद्यानें हिंदुस्थानच्या व्यापाराचा मक्ता कंपनीकडून काढून घेण्यांत आला. ज्या कामासाठीं कंपनी जन्मली तें काम असें हातून सुटत होतें, आणि ज्या कामाचा तिनें कधीं अभ्यास केला नव्हता तें वाढत होतें.

अशा अवस्थेंत १८१८ मध्यें खानदेश तिच्या ताब्यांत आला. होळकरांनीं मंदसोरच्या तहानें सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख सोडून दिला आणि त्याच वर्षीं पेशवाईहि संपली. प्रांताची दैना झालेली होती. १८०२ ची लुटालूट, लागोपाठ पडलेला दुष्काळ, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि अरब शिबंदीचा जुलूम यांनीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं होतीं. डोंगरांत आणि डोंगराच्या कडेला वस्ती होती भिल्लांची. गांवाची राखण आणि घाटांची चौकी हीं त्यांचीं पिढीजात कामें, आणि त्याबद्दल गांवाकडून मिळणारे हक्क ही त्यांची उपजीविका. ज्या ज्या ठिकाणीं हे हक्क बुडाले, त्या त्या ठिकाणचा राखणदार दरोडेखोर झाला.

पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें दोन्ही उपाय करून पाहिले. शरण येईल त्या नाईकाला तनखा आणि न येईल त्याच्यावर फौज, असा क्रम होता. पण फौजेच्या कामाची मोजदाद होते ती पकडलेल्या आणि मारलेल्या माणसांच्या संख्येवरून. एक टोळी मोडली कीं दुसरी उभी राही. सातपुड्याच्या तापानें शिपाई आजारी पडत. आणि ओसाड गांवें ओसाडच राहत. सात वर्षें असा प्रकार चालला. प्रत्येक अधिकारी नेमून दिलेलें काम चोख बजावीत होता, आणि सर्वांचें मिळून काम मात्र कांहींच होत नव्हतें.

१८२५ मध्यें मुंबईचे गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं या धोरणाची दिशा बदलली. खानदेशांत तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. दक्षिणेची कन्नड येथें, ईशान्येची धरणगांवच्या बाजूस, आणि वायव्येची तापीच्या कांठीं कुकरमुंडें येथें. कुकरमुंडें आज गुजरातेंत मोडतें. पण त्या काळीं नंदुरबार, सुलतानपूर व पिंपळनेर हे परगणे आणि काठी, चिखली वगैरे मेवासी संस्थानें यांची देखरेख तेथील एजंट कॅप्टन रिग्बी याजकडे होती. धरणगांवीं लेफ्टनंट जेम्स औट्रम यानें भिल्लांचीच पलटण उभारण्यास घेतली. त्याचें वय त्या वेळीं अवघें बावीस वर्षांचें होतें. ज्यांच्याशीं काल लढाई झाली त्यांच्या हातीं बंदूक द्यावयाची, हा विचार पुष्कळांना वेडेपणाचा वाटला. औट्रम मात्र त्यांच्या रानांत एकटा राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीस गेला, आणि त्यानें आधीं विश्वास टाकला म्हणून त्याला विश्वास मिळाला.

या योजनेचें मर्म पलटणींत नव्हतें, तें एजंटाच्या रोजच्या कामांत होतें. त्यानें फिरतीवर राहावें, भिल्लांच्या तक्रारी स्वतः ऐकाव्या, बुडालेले हक्क चालू करून द्यावे, किरकोळ गुन्ह्यांचा निवाडा जागच्या जागीं करावा. पडीक जमीन कांहीं वर्षें साऱ्याची सूट देऊन लागवडीस द्यावी, आणि बैल, बीं, नांगर यांसाठीं तगाई द्यावी. म्हणजे सरकारनें आपल्या माणसाला विचारावयाचा प्रश्नच बदलला. काल प्रश्न होता, ‘किती पकडले?’ आज झाला, ‘किती वसले?’ माणसें बहुतेक तींच, प्रांत तोच. पण प्रश्न बदलतांच त्याच माणसांच्या हातून निराळें काम होऊं लागलें. मोठमोठ्या जाहीरनाम्यांनीं जें साधत नाहीं, तें हाताखालच्या माणसाला रोज विचारल्या जाणाऱ्या एका साध्या प्रश्नानें साधतें. थोड्याच वर्षांत वस्त्या उभ्या राहिल्या, रस्ते निर्धास्त झाले आणि भिल्लांची पलटण दरोड्यांच्या बंदोबस्तास पुरी पडूं लागली. पुढें १८९१ मध्यें ती पोलिसांत विलीन झाली.

एवढ्यावर ही कथा थांबली असती, तर ती एका सुधारलेल्या संस्थेची कथा ठरली असती. पण वरच्या मजल्यावर कोणता हेतु नांदत होता, तेंहि पाहिलें पाहिजे. १८३३ च्या कायद्यानें कंपनीचा उरलेला व्यापारहि बंद झाला. वखार गेली, तागडी गेली. तरी भागीदारांचा नफा गेला नाहीं. दरसाल साडेदहा टक्के, म्हणजे ६,३०,००० पौंड, एवढें व्याज हिंदुस्थानच्या वसुलांतून त्यांना द्यावें, असें त्याच कायद्यानें ठरविलें. व्यापार न करणारी ही व्यापारी कंपनी शेतकऱ्याच्या साऱ्यावर जगूं लागली.

या आंकड्याच्या उजेडांत कुकरमुंड्याच्या नांगराकडे पाहिलें म्हणजे त्याचा दुसरा अर्थ ध्यानांत येतो. एल्फिन्स्टन यांच्या मनांतील दया खोटी नव्हती आणि औट्रमचा विश्वासहि खोटा नव्हता. पण नांगरलेली जमीन आज ना उद्यां साऱ्याखालीं यावयाचीच होती. १८५२ मध्यें नव्या मोजणीविरुद्ध सावदें, फैजपूर या बाजूस शेतकऱ्यांनीं दंगा केला, तो या वसुलाच्या धास्तीनेंच. पुढें सारा रोकड भरावयाचा, रोकड सावकाराकडे, आणि जमीन तर गहाण टाकतां येण्याजोगी, असा फांस तयार झाला. तगाईनें ज्याला शेतकरी केलें, त्याची जमीन कर्जानें नेली. ती परत मिळावी म्हणून १९७२ च्या ३० जानेवारीस अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढारीपणाखालीं शहाद्यास भूमुक्ति मेळावा भरवावा लागला, आणि आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्रांत १९७४ सालीं झाला.

१८५७ मध्यें याचा कौल शस्त्रानेंच मिळाला. सेंधव्याच्या घाटाची राखण ज्याच्याकडे सरकारनें सोपविली होती, तो खाजा नाईकच सरकारविरुद्ध उठला. आणि १८५८ च्या एप्रिलमध्यें आंबापाणीच्या डोंगरांत कंपनीच्या फौजेनें भिल्लांवर पुन्हा तीच जुनी तलवार चालविली. त्याच वर्षीं कंपनीचें राज्य संपलें, आणि १८७४ मध्यें ती कंपनीहि विसर्जित झाली.

मूळ हेतूकडे परत वळा, असें सांगणें सोपें आहे. रोनें सांगितलेला हेतु नफ्याचा होता आणि कंपनी त्यापासून कधींच ढळली नाहीं. नफ्याचें साधन मात्र कापडाच्या ऐवजीं जमीन झालें. एल्फिन्स्टन यांनीं कारभाराची रीत बदलली, ती सात वर्षांच्या अनुभवानें शिकून बदलली, आणि त्या सुधारणेनें कित्येक जीव वांचले, हें श्रेय कोणी हिरावून घेऊं नये. पण रीत बदलली तरी जमाखर्चाच्या वहीचें पहिलें पान तेंच राहिलें, आणि अखेरीस त्या पानानेंच रीतीला गिळलें. नव्या काळांत नवें काम अंगावर घेणाऱ्या प्रत्येक संस्थेनें, मग ती पेढी असो, गिरणी असो कीं सरकारी खातें असो, आपली सनद जरूर वाचावी. पण त्याआधीं आपली वही उघडावी आणि आपण कोणाच्या कष्टावर जगतों व कोणाला जाब देतों, हें त्या पहिल्या पानावर पाहून घ्यावें.