घाटावरचा चित्रांचा छापखाना

परदेशात रॉक नावाचं एक दणदणीत गाणं आहे. ते गाणाऱ्यांची मैफलीत टिपलेली छायाचित्रं आज उत्तम कागदावर छापून विकली जातात. छायाचित्रकार मोजक्याच प्रती काढतो, प्रत्येकीवर सही करतो आणि ‘पन्नासांतली सातवी’ असा आकडा घालतो. हौशी लोक त्यासाठी भरपूर पैसे मोजतात. छापलेल्या कागदाला एवढी किंमत कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण असाच छापील कागद आपल्या चौकपासून फार लांब नाही, खोपोलीचा घाट चढून लोणावळ्यापुढच्या मळवलीला तयार होत असे.

राजा रविवर्मा हे केरळातील किळिमानूरचे चित्रकार. त्यांची तैलचित्रे राजवाड्यांत लागत. एकेक चित्र किती जणांनी पाहावे? त्यांच्या छापील प्रती काढा, असा सल्ला त्यांना सर टी. माधवराव यांनी दिला होता. १८९४ साली रविवर्मा आणि त्यांचे बंधू राजा वर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. यंत्रे आणि कारागीर जर्मनीहून आणले. पुढे १८९९ साली तो मळवलीला नेला.

हे काम शिळाप्रेसचे. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे, दगड पाण्याने ओला करायचा आणि वरून छपाईची शाई फिरवायची. पाणी शाईला झिडकारते, तेलकट रेघ तिला धरून ठेवते. प्रत्येक रंगाला निराळा दगड. कागद केसभर सरकला, तर लक्ष्मीच्या ओठाची लाली गालावर जायची! शेवटी वर रोगण चढवले, की कागद तैलचित्रासारखा चमके.

छापखाना नावाजला, पण धंदा काही जमला नाही. कर्ज वाढले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी भावांनी तो आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना, विकला. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले चित्रपटवाले दादासाहेब, यांनीही या छापखान्यासाठी काम केले होते. ‘राजा हरिश्चंद्र’ आला तो त्यानंतर, १९१३ साली. पडद्यावरचे देव आपल्याला ओळखीचे वाटले, ते भिंतीवरच्या चित्रांमुळेच असावेत, असे मला वाटते.

लक्ष्मी आणि वीणा घेतलेली सरस्वती घरोघर गेल्या. ज्यांना देवळाची पायरी चढू देत नसत, त्यांच्याही भिंतीवर त्या आल्या. ही गोष्ट मला चित्रकलेपेक्षाही मोठी वाटते. बायकांनी चित्रातल्या साडीला जर आणि टिकल्या शिवल्या. साबणवाल्यांनी तीच चित्रे जाहिरातीला लावली.

आता गंमत पाहा. परदेशातले छायाचित्र मोलाचे, कारण त्याच्या प्रती मुद्दाम थोड्या काढलेल्या. आपल्याकडे प्रती भरपूर निघाल्या. त्या थोड्या झाल्या धुराने, वाळवीने, पावसाने आणि आपल्या हातांनी. १९७२ साली छापखान्याला मोठी आग लागली, त्यात पुष्कळ जुना ठेवा गेला. उरलेल्या चित्रांना आज संग्राहक शोधत फिरतात, लिलावात त्यांची बोली लागते.

आमच्या चौकच्या घरीही एक सरस्वती होती. दसऱ्याला पाटीबरोबर आजी तिलाही फूल वाही. घराला नवा रंग दिला तेव्हा काच फुटलेली म्हणून ती मीच उकिरड्यावर ठेवून आलो. खाली काय छापलेले आहे ते वाचलेसुद्धा नाही.

तेव्हा गुरुजी, शाळेच्या माळ्यावर किंवा गावातल्या जुन्या घरात असे चित्र दिसले, तर आधी त्याचा खालचा काठ पाहा. छापखान्याचे नाव बहुधा तिथेच असते. चौकटीत बसवताना पुष्कळांनी नेमका तोच काठ कापून टाकला आहे. आणि धूळ झटकायची तर मऊ कोरड्या कुंचल्याने. ओले फडके मुळीच लावू नका.