टॉवरभोवतीची जागा रिकामी नसते

मीडियम वेव्ह रेडिओ केंद्राचा टॉवर दिसला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: एवढी जागा नुसती पडून का? बाग करा, पार्किंग करा, घरं बांधा, अशा सूचनाही लगेच येतात. रेडिओ हा माझ्या आवडीचा विषय, म्हणून या "पडून" असलेल्या जागेचा इतिहास सांगतो.

मीडियम वेव्हला तो उंच टॉवर म्हणजेच एरियल. पण हे अर्धंच एरियल झालं. टॉवरमधल्या विजेचा परतीचा रस्ता जमिनीतून जातो, आणि माती काही तांब्यासारखी चांगली वाहक नाही. नुसता टॉवर उभा केला तर ट्रान्समीटरच्या शक्तीतला बराच वाटा माती तापवण्यात जातो. म्हणून टॉवरच्या पायथ्यापासून चहूबाजूंना तांब्याच्या तारा पुरतात, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या.

प्रश्न होता, किती तारा आणि किती लांब? तांबं फुकट मिळत नाही. अमेरिकेत आरसीए कंपनीच्या जॉर्ज ब्राऊन, लुईस आणि एपस्टाईन या तिघांनी हे प्रत्यक्ष मोजायचं ठरवलं. त्यांनी 3 मेगाहर्ट्झवर प्रयोग केले. तिथे लहर 100 मीटरची, त्यामुळे सगळं मोकळ्या रानात मावतं. आधी 2 तारा, मग 15, 30, 60 आणि शेवटी 113. लांबीही बदलत गेले आणि दरवेळी दूरवर सिग्नल किती पोचतो ते मोजलं. जून 1937 मध्ये निबंध छापून आला.

निष्कर्ष साधा होता. तारा मोजक्याच असतील तर त्या लांब करून फारसं हाती लागत नाही. तारा आखूड असतील तर संख्या वाढवूनही एका मर्यादेपुढे उपयोग नाही. दोन्ही बरोबरीनं वाढायला हवं. 113 लांब तारांनी मात्र सिग्नल जवळजवळ आदर्श जमिनीइतका मिळाला.

पुढे अमेरिकेच्या सरकारी नियमात हेच आलं: तारा किमान पाव लहर लांब, 90 पेक्षा कमी नाहीत, आणि 3-3 अंशांवर 120 तारा म्हणजे उत्तम व्यवस्था.

हा आकडा म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. 2008-09 च्या सुमारास रूडी सेव्हर्न्स या हौशी रेडिओवाल्यानं 7 मेगाहर्ट्झवर पुन्हा मोजमाप केलं. जमिनीपासून थोड्या उंचीवर ताणलेल्या फक्त 4 तारांनी जमिनीवरच्या 64 तारांच्या जवळपास काम दिलं! म्हणजे आकडा बदलू शकतो. पण टॉवरखाली काहीच नको, असं कुठलंच मोजमाप सांगत नाही.

आता आपल्याकडे या. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी 558 किलोहर्ट्झवरची. तिथे लहर सुमारे 537 मीटरची, पाव लहर 134 मीटर. अशा 120 तारा म्हणजे 16 किलोमीटर तांबं झालं! टॉवरभोवती एवढं मोठं वर्तुळ का लागतं, ते या हिशोबातच कळतं.

मीडियम वेव्ह ठेवायची की बंद करायची, हा वाद जरूर व्हावा. पण जोवर केंद्र चालू आहे तोवर त्या जागेतून गटार, केबल, रस्ता काढताना खाली काय आहे ते आधी विचारा. तारा तुटल्या म्हणून केंद्र बंद पडत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. शहरात आवाज ठणठणीत येत राहतो. कडेच्या गावातल्या, होडीवरच्या माणसाला मात्र नुसती खरखर ऐकू येते. वादळाच्या दिवशी नेमका त्यालाच रेडिओ लागतो, आणि त्याची तक्रार नोंदवायला कुणी जात नाही.

तुमच्या भागात असा टॉवर असेल तर त्या जागेचं सध्या काय चाललंय, ते कमेंटमध्ये जरूर लिहा.