व्यवसायोपचार आणि अंतर : राजूर परिसराच्या अनुषंगाने

महाराष्ट्रात व्यवसायोपचाराच्या शिक्षणाचा आरंभ मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली झाला. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने महाराष्ट्रीय झालेल्या कमलाबाई निंबकर (पूर्वाश्रमीच्या एलिझाबेथ लंडी) यांनी तेथे स्थापिलेले विद्यालय हे आशियातील या विषयाचे पहिले विद्यालय मानले जाते. १९५२ साली जागतिक व्यवसायोपचारक संघ अस्तित्वात आला. त्याच्या दहा संस्थापक देशांत भारताची गणना झाली, त्यात कमलाबाईंच्या खटपटीचा वाटा मोठा होता.

या शास्त्रातील ‘व्यवसाय’ म्हणजे केवळ उदरनिर्वाहाचा धंदा नव्हे. अंघोळ करणे, लुगडे नेसणे, भाकरी थापणे, अंगणातून पाण्याची कळशी आत आणणे, हे सारे त्यात येते. पक्षाघाताने लुळा पडलेला हात किंवा कंपवाताने थरथरणारी बोटे यांना याच क्रियांतून पुन्हा वळण लावावयाचे असते. म्हणजे उपचाराचे साध्य घरात, आणि साधनेही घरातलीच! तथापि प्रत्यक्षात हे शास्त्र रुग्णालयाच्या भिंतींआड वाढले. प्रशिक्षित माणसे शहरांत राहिली, आणि उंच ओट्यावर सराव केलेला रुग्ण जमिनीवरच्या चुलीपुढे पुन्हा हतबल होऊ लागला.

हा विरोध राजूरसारख्या ठिकाणी विशेष तीव्रतेने प्रत्ययास येतो. अकोले तालुक्यातील हे गाव प्रवरेच्या वरच्या खोऱ्यात, महादेव कोळी व ठाकर वस्तीच्या मुलखात आहे. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय येथेच आहे. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण मात्र शंभराहून अधिक किलोमीटर दूर. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी या डोंगरांतून खाली राहुरी-श्रीरामपूरच्या उसाला गेले. दवाखाने, महाविद्यालये आणि तज्ज्ञही खालीच जमले, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही. पक्षाघातानंतरचे पहिले काही महिने सुधारणेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात. आठवड्यातून दोनदा एस. टी.ने खाली जाऊन ते साधणे एका अंगाने निकामी झालेल्या मनुष्यास कसे शक्य व्हावे?

दूरस्थ उपचाराचा विचार या पार्श्वभूमीवर करावयास हवा. जागतिक संघाने २०१४ साली त्याविषयी आपली भूमिका प्रसिद्ध केली. भारतात मार्च २०२० मध्ये निघालेली दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे नोंदणीकृत डॉक्टरांपुरती होती. व्यवसायोपचारकांस केंद्रीय कायद्याच्या कक्षेत आणणारा संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांचा अधिनियम २०२१ साली झाला. पडद्यावरून तज्ज्ञास रुग्णालयात कधी न दिसणाऱ्या गोष्टी दिसतात : उंबरठ्याची उंची, चुलीची जागा, न्हाणीतील निसरडा दगड. कंपवाताच्या रुग्णाचे पाऊल उंबरठ्याशी अडखळत असेल, तर जमिनीवर आडव्या रेघा आखून त्याला पाऊल उचलण्यास साहाय्य करता येते. खडूच्या तुकड्याने होणारे हे काम आहे. परंतु ताठरलेल्या स्नायूचा ताण हाताने चाचपल्यावाचून नीट कळत नाही, आणि डोंगराआडच्या वाडीत दूरध्वनीची लहर अखंड मिळेल याचीही शाश्वती नसते.

म्हणून पडद्याच्या अलीकडे, रुग्णाजवळ, कोण बसणार हा प्रश्न यंत्रापेक्षा महत्त्वाचा ठरतो. ‘घरचे माणूस बसेल’ असे उत्तर सहज दिले जाते. ते पुरेसे नाही, असे दाखविणारा भरभक्कम पुरावा भारतातच उपलब्ध आहे. १४ केंद्रांतील १२५० पक्षाघातग्रस्तांवर झालेल्या ‘अटेंड’ या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटात घरच्या माणसास शिकवून त्याच्याकरवी सराव करविला होता. दुसऱ्या गटास नेहमीचीच सेवा मिळाली. सहा महिन्यांनी मृत वा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण दोन्हींकडे ४७ टक्केच निघाले. कुटुंबाच्या मायेत उणीव होती असा याचा अर्थ नव्हे. थोड्या दिवसांच्या शिकवणीने कुटुंब हे उपचारकाची जागा भरून काढू शकले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या परिसरात तर घरच्या माणसाचाही भरवसा ऋतूवर अवलंबून असतो. आषाढात भाताची आवणी सुरू झाली की धडधाकट माणसे दिवसभर खाचरात असतात, आणि रुग्ण घरात एकटा. दूरस्थ उपचाराची वेळ दुपारी अकराची ठेवली तर त्या महिन्यात पडद्यासमोर कोणी नसते. ती दिवेलागणीनंतर ठेवावी लागते, किंवा गावातल्याच एखाद्या आरोग्यसेविकेस मेहनताना देऊन त्या कामी नेमावे लागते.