गाडीचे अंतरंग आणि गाडीची किंमत

मोल वाढले की आतला साजही वाढावयासच हवा, असे आपण सहज गृहीत धरतो. खडकाळ वाटा तुडविणाऱ्या मोटारींचा इतिहास मात्र निराळेच सांगतो.

१९४८ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या रोव्हर कंपनीने आम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर मांडली. युद्धानंतर पोलाद दुर्मिळ, म्हणून तिचे अंग बहुतांशी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. किंमत ४५० पौंड. परंतु दरवाजांचे पैसे निराळे! शेतकऱ्यास ओढण्याचे बळ हवे होते. मऊ गादीवाचून त्याचे अडत नव्हते.

१९७० साली त्याच घराण्यातली रेंज रोव्हर आली. किंमत सुमारे २,००० पौंड. तरीही आत ना कातडे, ना उंची गालिचा. बैठका व्हिनाइलच्या, पायांखाली रबर. चिखल भरला तर पाण्याने धुऊन काढावा, ही कल्पना. मग पैसा गेला कोठे? आठ सिलिंडरांच्या एंजिनात, चारही चाकांच्या डिस्क ब्रेकांत आणि धक्के पोटात घेणाऱ्या कॉइल स्प्रिंगांत.

पुढे गिऱ्हाईक बदलले. १९८० नंतर लाकडी पट्ट्या आल्या, कातडे आले, किंमत चढली. चिखलातून येणाऱ्याला आता आत बसण्यापूर्वी बूट झटकणे भाग पडले! गाडीचे बळ घटले नव्हते. घटला होता तो मालकाचा ते वापरण्याचा धीर.

म्हणून त्या रबराला हलके म्हणण्यास आमचे मन धजत नाही. वस्तू कोणत्या कामाची, हे आधी विचारावे. अस्तराचे मोल मागाहून करावे.