'सू' आणि 'सूडू' : युनिक्स-प्रणालीतील अधिकारदान

युनिक्स या संगणकप्रणालीतील सत्तेची विभागणी प्रारंभापासून फार ढोबळ आहे. सामान्य वापरकर्त्यास जे जे निषिद्ध, ते ते 'रूट' नामक एका खात्यास मोकळे. या सर्वाधिकारी खात्यात प्रवेश करण्यासाठी नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या नियमपुस्तिकेतच 'सू' ही आज्ञा नमूद आहे. हे नाव मुळात 'सुपर-यूझर' याचा संक्षेप होय. पुढे या आज्ञेने कोणत्याही खात्याचे रूप घेता येऊ लागले, तेव्हा 'सब्स्टिट्यूट यूझर' अशी दुसरी फोड रूढ झाली. रूप तेच राहावे व अर्थ बदलल्यावर व्युत्पत्ती मागाहून जुळवावी, हा प्रकार भाषाभ्यासकांस परिचित आहे.

तथापि 'सू'पेक्षा महत्त्वाची कल्पना डेनिस रिची यांची. प्रत्येकास स्वतःचा परवलीचा शब्द बदलता आला पाहिजे. परंतु ज्या फाइलमध्ये तो साठविलेला असतो, ती लिहिण्याचा अधिकार रूटखेरीज कोणासही देता येत नाही. रिची यांनी ही अडचण एका खुणेने सोडविली. ज्या कार्यक्रमावर ती खूण असेल, तो चालविणाऱ्याच्या नव्हे, तर मालकाच्या अधिकाराने चालतो. अधिकार मनुष्यास न देता विशिष्ट कृत्यास द्यावयाचा, हे तत्त्व येथे प्रथम स्पष्ट झाले. 'सेट-यूआयडी' नामक या युक्तीसाठी १९७३ मध्ये पेटंटचा अर्ज करण्यात आला. १९७९ मध्ये पेटंट क्रमांक ४१३५२४० मिळाले व पुढे ते सर्वांस खुले करण्यात आले.

'सू'चा दोष व्यवहारात उघड झाला. अनेक व्यवस्थापकांना एकच गुप्त शब्द ठाऊक असला, म्हणजे त्यांपैकी एकजण सोडून गेला तरी तो सर्वांसाठी बदलावा लागतो. शिवाय रूट झाल्यावर कोणी काय केले, याचा माग उरत नाही. १९८० च्या सुमारास बफेलो येथील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी 'सूडू' रचला. 'सू' हे नाम व 'डू' हे क्रियापद यांचा हा समास. इंग्रजी भाषकांत मात्र 'सूडो' असा, 'मिथ्या' या अर्थाच्या ग्रीक उपसर्गाशी जुळणारा, उच्चारही ऐकू येतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो अर्थात् समर्थनीय नाही. 'सू'मध्ये दुसरे 'होणे' आहे, 'सूडू'त केवळ 'करणे'. रूढ मांडणीत वापरकर्ता स्वतःचाच परवलीचा शब्द देतो; त्यास कोणती आज्ञा मोकळी आहे ते 'सूडूअर्स' या फाइलमध्ये लिहिलेले असते, आणि कृत्याची नोंद त्याच्याच नावे होते.

पुढे हा कार्यक्रम कोलोरॅडो विद्यापीठात वाढला. १९९४ पासून टॉड मिलर यांनी तो सांभाळला. २००४ मध्ये उबुंटूने रूट खाते कुलूपबंद ठेवून 'सूडू' हाच राजमार्ग केला.

परंतु 'सूडू' स्वतः रिची यांच्या त्याच खुणेवर चालतो. म्हणून त्यातील एक चूक म्हणजे सर्व दरवाजे उघडे. जुलै २०११ मध्ये शिरलेला असा एक दोष जानेवारी २०२१ मध्ये प्रकट झाला. त्यायोगे ज्याचे नाव यादीत नाही असा स्थानिक वापरकर्ताही रूट होऊ शकत होता. स्मृतीच्या हाताळणीतील अशा चुकांना आळा बसावा म्हणून रस्ट भाषेत 'सूडू'चे पुनर्लेखन झाले, व ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटूने तेच स्वीकारले. २०२४ मधील 'रन-झीरो' याने तर ती खूणच टाळून अधिकारयुक्त काम आधीपासून चालू असलेल्या सेवा-व्यवस्थापकाकडे सोपविले आहे.